गाडीत घर करायचंय? आधी पत्रा ठोकून बघा

मागच्या अंकात आम्ही दोघांनी कुरिअरची जुनी डिलिव्हरी व्हॅन घेऊन तिचं राहतं घर कसं केलं ते लिहिलं होतं. वरती सोलर, खाली बॅटरी, पाण्याची टाकी, वर्षातले चार-पाच महिने आम्ही त्यातच असतो. त्यावर एवढी पत्रं आली की संपादकांनी हा अख्खा भागच प्रश्नोत्तरांना दिला. मी तीस वर्षं साताऱ्यात ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम केलंय, त्यामुळे वायरिंगबद्दल जरा जास्तच बोलणार, ते चालवून घ्या.

काका, आमच्याकडे मासळी वाहणारी एक जुनी व्हॅन स्वस्तात मिळतेय. आतून पूर्ण पफ पॅनल (टणक फोमचं) आहे, म्हणजे इन्सुलेशन आयतंच झालं ना? पांढरं फायबरचं लायनिंगही चकाचक दिसतंय. घेऊ का? – रत्नागिरी

माझ्या हातात असतं तर आत्ता फोन करून थांबवलं असतं तुम्हाला. नका घेऊ, निदान खाली सांगतो ते बघितल्याशिवाय तरी नका घेऊ.

मासळीच्या गाडीत बर्फ वितळतो, ते पाणी खारट असतं, आणि ते लायनिंगच्या सांध्यातून, ड्रेनच्या भोकाच्या कडेनं वर्षानुवर्षं खाली झिरपत राहतं. वरून फायबर चकाचक दिसतं कारण फायबरला गंज लागतच नाही. गंज लागतो त्याच्या मागच्या पत्र्याला आणि खालच्या चेसिसच्या पट्ट्यांना. पफ तसं पाणी पीत नाही, पण एकदा त्याला चिरा पडल्या आणि पाणी कोंडलं की ते वाळतही नाही. मी अशी एक गाडी ओळखीच्या माणसासाठी बघायला गेलो होतो, मागच्या दाराजवळ फरशीवर अंगठ्यानं दाबलं तर पाव दाबल्यासारखी दबली आणि स्क्रूच्या भोकातून तांबूस पाणी वर आलं. बाहेर उन्हाळा चालू होता, गाडी दोन महिने उभी होती, तरी पाणी आत होतं.

मग करायचं काय, तर गाडी रिकामी करून वजनकाट्यावर न्या. आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन लिहिलेलं असतं, आतल्या पॅनलचा आणि डिझेलचा अंदाज धरूनही काट्यावर खूपच जास्त भरलं तर आत पाणी आहे असं समजा. दुसरं, खाली झोपा. खरंच झोपा, पोतं अंथरून. मोठा स्क्रूड्रायव्हर घेऊन चेसिसच्या पट्टीला, दाराखालच्या पट्टीला, चाकाच्या कमानीला टोचत जा. चांगला पत्रा टण् असा वाजतो, कुजलेला थप् असा आवाज करतो आणि खपल्या पडतात. वरच्या गटरमध्ये, म्हणजे छताच्या कडेच्या पन्हळीत, बोट फिरवून बघा, तिथं सीलंटच्या खाली गंज लपलेला असतो. विकणारा घाई करायला लागला तर सरळ चहा पिऊन निघून या.

कुरिअरची, बेकरीची, औषधांची गाडी बघा. किलोमीटर जास्त असतील पण माल कोरडा असतो. इंजिन उतरवून पुन्हा बांधता येतं हो, चेसिस कुजली की त्या गाडीत काही राम नाही.

नमस्कार सर, ९ वर्षं जुनी पिवळ्या (व्यावसायिक) पाटीची डिलिव्हरी व्हॅन घेतलीये. सुतार म्हणतो आधी काम करून घेऊ, आरटीओचं नंतर बघू, एजंट करून देईल. बरोबर आहे का? – नाशिक

सुताराचं चुकतंय. तो चांगला माणूस असेल पण त्याला उद्या गाडी रस्त्यावर चालवायची नाहीये, तुम्हाला चालवायचीये.

मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आहे. कंपनीनं गाडी ज्या मूळ स्वरूपात बनवलीये, ज्यावर आरसी दिलीये, त्यात मनानं बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही हे स्पष्ट केलंय. म्हणजे खिडक्या कापणं, छत वाढवणं, मागे सीट बसवणं हे सगळं परवानगीच्या कक्षेत येतं. आरसीच्या वर्गांमध्ये कॅम्पर व्हॅन हा वेगळा वर्ग आहे, त्यात खासगी वापराचीही आहे. मोटर कॅरॅव्हॅनसाठी, म्हणजे अशा राहत्या गाड्यांसाठी, एआयएस-१२४ नावाचं मानकही आहे. तेव्हा हे काही चोरून करायचं काम नाही, रस्ता आहे, फक्त त्या रस्त्यानं आधी जायचं.

तुमच्या आरटीओत स्वतः जा, एजंटला पाठवू नका. सोबत साध्या कागदावर काढलेला नकाशा न्या, लांबी-रुंदी, बेड कुठे, गॅस कुठे, दार कुठे, खिडकी किती बाय किती. मोटार वाहन निरीक्षकाला विचारा की या बदलाला काय लागेल, आणि जे सांगतील ते अर्ज करून लेखी घ्या. त्याआधी दोन गोष्टी तपासा. आरसीवर अजून कुठल्या बँकेचा बोजा चढलेला असेल तर तो उतरवून घ्या, नाहीतर बदलालाही त्यांची संमती लागते. आणि गाडी दुसऱ्या जिल्ह्यातली असेल तर तिथली एनओसी. पिवळी पाटी राहीपर्यंत फिटनेसचं पासिंग चालूच ठेवायचं, ८ वर्षांपुढच्या गाडीला ते दरवर्षी लागतं, तुमची ९ वर्षांची आहे म्हणजे लागणारच.

इन्शुरन्स कंपनीलाही लेखी कळवा. गाडीत बदल केलेला आणि कळवलेला नसला की क्लेमच्या वेळी अडतं, आणि अडतं ते नेमकं आग लागल्यावर किंवा उलटल्यावर, तेव्हा भांडायची ताकद नसते माणसात.

आणि एक विनंती. मालवाहू गाडीत मागे माणसं बसवून चालवायचं नाही. थांबल्यावर झोपा, स्वयंपाक करा, काय करायचं ते करा, पण गाडी चालू असताना जेवढ्या पासिंगच्या सीट आणि जेवढे बेल्ट तेवढीच माणसं. मुलं बेडवर लोळत प्रवास करतायत असे व्हिडिओ बघितले की माझ्या पोटात गोळा येतो.

दादा आम्ही दोघं आयटीत आहोत, वर्क फ्रॉम व्हॅन करायचंय. इंडक्शन, छोटा एसी, फ्रीज, दोन लॅपटॉप. किती वॅटचं सोलर घेऊ? दुकानदार म्हणतो ५०० वॅट घ्या, सगळं चालेल. – पुणे

सगळं नाही चालणार. चला, हिशोबच करू, वहीत लिहून घ्या कारण हाच हिशोब सगळ्यांना लागणार आहे.

दोन लॅपटॉप, प्रत्येकी ६० वॅट, ५ तास, झाले ६०० वॅट-तास. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रीज दिवसाला ४०० धरा, एप्रिल-मेमध्ये जास्त. दोन छोटे डीसी पंखे १५ वॅटचे, १० तास, ३००. राउटर १००, लाइट, मोबाइल, पंप मिळून आणखी १००. एकूण १५००. वायरमध्ये, इन्व्हर्टरमध्ये जे वाया जातं ते धरून १८०० म्हणा.

आता हे कुठून आणायचं? छतावर सपाट ठेवलेलं ४०० वॅटचं पॅनल आपल्याकडे चांगल्या उन्हात साधारण साडेचार तासांच्या पूर्ण उन्हाइतकं काम करतं, त्यात धूळ, उष्णता, सपाट बसवल्याचा तोटा धरून पाऊणपट करा, म्हणजे १३५० च्या आसपास. तापलेलं पॅनल कमी देतं बरं का, जास्त नाही, २५ अंशाच्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.४ टक्के कमी होतं. दुकानदाराचं ५०० वॅट धरलं तरी १७०० च्या आतच राहतं, म्हणजे इंडक्शन आणि एसी बाजूला ठेवूनही कसंबसं. आणि ४०० असो की ५००, जुलैत घाटमाथ्यावर त्याच्या चौथाईवरसुद्धा समाधान मानायची तयारी ठेवा. म्हणून नुसत्या सोलरवर विसंबायचं नाही, गाडीच्या अल्टरनेटरवरून (इंजिनवर फिरून वीज तयार करतो तो) चार्जिंग पाहिजेच, पण मध्ये करंटला आवर घालणारा डीसी-टू-डीसी चार्जर टाकून. ३० अँपिअरचा असला तर तासाला जवळजवळ ४०० वॅट-तास मिळतात, दोन तास गाडी चालवली की ८००. लिथियम बॅटरी थेट अल्टरनेटरला जोडू नका, ती एवढा करंट ओढते की जुना अल्टरनेटर तापून जळतो, मी दोन बदललेत लोकांचे.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेट, १२.८ व्होल्ट २०० अँपिअर-तास, म्हणजे २५६० वॅट-तास, त्यातले २१०० वगैरे बिनधास्त वापरा. घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी चालेल का असं बऱ्याच जणांनी विचारलंय. १५० अँपिअर-तासाची ट्युब्युलर कागदावर १८०० देते पण टिकवायची असेल तर निम्मीच वापरायची, वजनाला ५०-६० किलो, शिवाय चार्ज होताना गॅस सोडते आणि वळणावर ॲसिड हिंदकळतं. झोपायच्या खोलीत ती नको.

राहिलं इंडक्शन. १५०० वॅट, दिवसातून ४० मिनिटं, म्हणजे १००० वॅट-तास, तुमच्या अख्ख्या दिवसाच्या निम्म्याहून जास्त. गॅसवर करा ना स्वयंपाक. आणि एसी मनातून काढून टाका, एक रात्र एसी म्हणजे बॅटरी दोनदा रिकामी. त्या पैशात छताला चांगलं इन्सुलेशन करा, छत पांढरं रंगवा, आणि पॅनल छतापासून दोन इंच वर उचलून बसवा, खालून वारा जातो, पॅनल थंड राहतं आणि पॅनलची सावली छताला मिळते. दुपारी आत हात लावून बघा, पॅनलखालचा भाग आणि उघडा भाग यातला फरक तळहाताला कळतो.

वायरीबद्दल हात जोडून सांगतो. १००० वॅटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टवर ९०-९५ अँपिअर ओढतो. घरातल्या २३० व्होल्टच्या सवयीनं लोक बारीक वायर टाकतात. तिथं ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल पाहिजे, शक्य तितकी आखूड, आणि १२५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात. फ्यूज उपकरण वाचवायला नसतो, वायर पेटू नये म्हणून असतो, म्हणून तो वायरच्या सुरुवातीलाच लागतो. वायर जिथं पत्र्यातून जाते तिथं रबराचा ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारं कडं), नाहीतर गाडी हलून हलून पत्र्याची धार वायर कापते. माझ्याकडे जळालेल्या गाड्या येत त्यात बहुतेक वेळा हेच असायचं, एक भोक, धारदार कड, आणि काळी झालेली वायर.

प्लायवूड साधं वापरू का मरीन? – कोल्हापूर

फरशीला आणि पाण्याजवळ आयएस ७१० वालं बीडब्ल्यूपी, म्हणजे मरीनच, बाकी कपाटांना १२ एमएमच्या वर जाऊ नका, शक्य तिथं नुसती ॲल्युमिनियमची फ्रेम आणि कापडी पडदा. सुतार घरातल्या फर्निचरसारखं १८-१९ एमएम लावायला बघतो, प्रेमानं थांबवा. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, त्यात प्लायवूड, बॅटरी, तुम्ही दोघं, सामान... अर्धं काम झालं की वजनकाटा आणि पूर्ण झालं की परत वजनकाटा. पुढच्या आणि मागच्या चाकांचं वेगवेगळं करा, सगळं वजन एका बाजूला गेलं की गाडी कलते, आणि मागच्या एक्सलच्या पलीकडे गेलं की घाटात गाडीचं तोंड हलकं होतं.

आम्ही जुलैत आंबोलीला दोन रात्री राहिलो. गाडी कुठेच गळत नव्हती, तरी सकाळी छतावरून थेंब पडत होते, गाद्यांची खालची बाजू ओली. तीन महिन्यांत बुरशी आली. सीलंट परत मारू का? – डोंबिवली

सीलंटचा संबंधच नाही ताई, ते पाणी तुमचंच आहे. दोन माणसं रात्रभर श्वासातून आणि घामातून अर्धा ते एक लिटर पाणी हवेत सोडतात. त्यात गॅस पेटवला की आणखी, एक किलो एलपीजी जळून दीड किलोच्या वर पाण्याची वाफ तयार होते. बाहेर धुकं, पत्रा गार, आत दमट हवा. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला घाम येतो ना, तसं.

परदेशातले व्हिडिओ बघून गाडी बांधली की हे होतं, कारण तिथली सगळी लढाई थंडीशी असते, खिडक्या घट्ट बंद आणि आत हीटर. आपली लढाई उन्हाशी आणि आषाढातल्या ओलीशी आहे. माझी पहिली बांधणी मीही तशीच केली, आत ग्लासवूल भरलं, वर प्लायवूड. दुसऱ्या पावसाळ्यात एक पट्टी उघडली तर ग्लासवूल ओल्या गोधडीसारखं खाली बसलेलं, आणि मागचा पत्रा, जो मी स्वतः प्रायमर मारून झाकला होता, त्याला बोटाएवढे फोड आलेले. सगळं उपटून काढलं. बायको त्या दिवशी एक शब्द बोलली नाही, नुसती पोती भरत होती.

आता करायचं ते असं: प्लायवूड उघडा. पत्रा घासून, झिंक प्रायमर, रंग. मग बंद छिद्रांचा फोम, नायट्राइल किंवा एक्सएलपीई, २०-२५ एमएम, पत्र्याला मधे हवा न ठेवता पूर्ण चिकटवायचा, तापमान सोसणाऱ्या गोंदानं, कारण साधा गोंद मे महिन्यात वितळून फोम लोंबायला लागतो. पत्र्याच्या आतल्या फासळ्या उघड्या सोडू नका, थेंब तिथूनच पडतात. दारांच्या खाली जी बारीक भोकं असतात ती मात्र बुजवायची नाहीत, पाणी बाहेर जायला कंपनीनं दिलेली असतात.

छतावर एक एक्झॉस्ट पंखा, उलट्या टोकाला खालच्या बाजूनं हवा आत यायला जाळीची खिडकी, वर पावसाळी पत्र्याचा छज्जा. पंखा रात्रभर मंद चालू ठेवा, पावसातसुद्धा. गादीखाली सलग प्लायवूड नको, पट्ट्या टाका, आणि पट्ट्या-गादीच्या मधे काथ्याची चटई. काथ्या तर कोकणात जाताच आहात, तिथूनच आणा.

गॅस सिलिंडर आत ठेवला तर चालतो का? – सोलापूर

घरगुती १४.२ किलोचा नको, ५ किलोचा घ्या. एलपीजी हवेपेक्षा जड आहे, गळला की वर जात नाही, फरशीवर पाण्यासारखा साठतो. म्हणून सिलिंडरला आतून हवाबंद पेटी, तिचं दार बाहेरून, आणि पेटीच्या तळाला थेट खाली उघडणारं भोक, जे कधी बुजवायचं नाही. बॅटरी, इन्व्हर्टर त्या बाजूलाच नको. जोडण्या साबणाच्या पाण्यानं तपासा, रबरी नळीवर छापलेली मुदत बघा. गॅस गळतीचा अलार्म फरशीजवळ, कार्बन मोनॉक्साइडचा उशाजवळ. थंडीत शेगडीत कोळसे घेऊन दार लावून झोपायचं, हे महाबळेश्वरला करताना मी लोक बघितलेत. कोळशातून हाच कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. काही झालं तरी करू नका.

(याच संदर्भात दोघांनी डिझेल हीटरचं विचारलंय. महाराष्ट्रात फिरणार असाल तर दोन रजया घ्या. स्पिती-लडाखला हिवाळ्यात जाणार असाल तर वेगळी गोष्ट, तिथं लिथियम बॅटरीसुद्धा शून्याच्या खाली चार्ज करता येत नाही, तेव्हा आधी बॅटरीच्या उबेचा विचार करा.)

आई ६८ वर्षांची आहे, गुडघे दुखतात. तिला घेऊन फिरायचं माझं फार मनात आहे पण ती म्हणते मला संडासची लाज वाटते, मी नाही येत. काय करू? – नागपूर

हे पत्र मी आणि बायकोनं दोनदा वाचलं. या उत्तरातलं बरंचसं तिचंच आहे.

आईंना आधी सांगा की त्यांची काळजी अगदी रास्त आहे, आणि गाडीत बाकी काही बांधायच्या आधी हीच सोय बांधा. बाजारात मिळणारी पोर्टेबल कमोडची पेटी बुटकी असते, गुडघे दुखणाऱ्याला त्यावरून उठता येत नाही. खाली लाकडी ठोकळा देऊन बसायची उंची १७-१८ इंच करा. उजव्या हाताला स्टीलची मूठ, आणि ती मूठ प्लायवूडला नाही, बॉडीच्या लोखंडी फासळीला बोल्टनं. आईंना बसवून, उठवून बघा, मग भोक पाडा. गाडीत चढायलाही तसंच, फरशी उंच असते, दोन पायऱ्यांची रुंद घडी-पायरी आणि दाराच्या दोन्ही बाजूंना मुठी.

आडोसा म्हणून पडदा चालत नाही, दार पाहिजे, कडी आतून लागणारी. आणि वर छोटा पंखा, त्याच्या आवाजानं मोकळेपणा येतो, हे बायकोनं मुद्दाम लिहायला सांगितलंय.

कोरडा प्रकार वापरणार असाल तर लघवी वेगळ्या कॅनमध्ये आणि शौचावर दर वेळी दोन मुठी कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. वास मुख्यतः दोन्ही एकत्र झालं की येतो, वेगळं ठेवलं की जवळजवळ नाहीच. पाण्याची कॅसेट, म्हणजे खालची मैला साठवणारी टाकी, असेल तर ती घरी, लॉजवर किंवा पेट्रोल पंपाच्या संडासात विचारून, स्वच्छ करून रिकामी करा. ओढ्यात, शेताच्या बांधावर अजिबात नाही, तिथलं पाणी कोणीतरी पितं. हे काम तुम्ही करा, आईंना दिसूही देऊ नका.

पहिली सहल एकाच रात्रीची, आणि शक्यतो ओळखीच्या गावात, जिथं रात्री नकोच वाटलं तर एखाद्या घरात जाता येईल. आमच्या सासूबाईंना आम्ही पहिल्यांदा वाईला नेलं होतं, मेणवलीच्या घाटावर सकाळी चहा केला. नंतर त्याच विचारायच्या, पुढचं कधी.

रात्री गाडी लावायची कुठे? पोलीस उठवत नाहीत का? – लातूर

राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय, त्यात कॅरॅव्हॅन पार्कची कल्पना आहे, पण रोजच्या प्रवासात तुम्हाला उपयोगी पडणार ते पेट्रोल पंप, मोठे ढाबे आणि देवस्थानांची पार्किंगची मैदानं. वनखात्याच्या हद्दीत आणि धरणाच्या भिंतीजवळ लावू नका. हायवेच्या कडेला तर नकोच, मागून ट्रक येऊन धडकतो.

गावात लावायची असेल तर अंधार पडायच्या आत पोचा, सरपंच किंवा पोलीस पाटील कोण ते विचारा, जाऊन भेटा, कुठून आलो, किती जण आहोत, सकाळी कधी निघणार ते सांगा. आम्हाला आजवर नाही कोणी म्हटलेलं नाही. एका गावात तर, भोरच्या पुढे, रात्री साडेनऊला दारावर टकटक झाली, मी घाबरतच उघडलं, तर पोलीस पाटलांच्या घरची मुलगी झाकलेलं ताट घेऊन उभी. भाकरी अजून गरम होत्या.